तोंडात धर, पण दात लावू नकोस

चाळीसगावहून कन्नडकडे निघालेली गाडी सातमाळ्याची रांग चढू लागते, तो औट्रम घाट. घाटाच्या दोन्ही अंगांना पसरलेले रान म्हणजे गौताळा औट्रमघाट अभयारण्य. ते १९८६ साली जाहीर झाले. ज्या साहेबाचे नाव घाटाला आणि पुढे अभयारण्याला चिकटले, तो जेम्स औट्रम १८२५ मध्ये खान्देशात भिल्ल पलटण उभी करायला आला, धरणगावला राहिला आणि पुढची दहा वर्षे वाघांच्या मागे होता. त्याच्या चरित्रात १९१ वाघांचा हिशेब आहे, म्हणजे एवढे वाघ त्याच्या समक्ष पडले. अशा माणसाच्या नावाने अभयारण्य असावे, याचे आता कुणाला नवलही वाटत नाही.

औट्रमच्या शिकारीत माग काढायला भिल्ल होते आणि रान उठवायला हाकारे. मेलेला वाघ आणायला कुत्रा लागत नाही, बैलगाडी लागते. कुत्रा लागतो तो लहान सावजाला: ससा, तित्तर, लावा, पाण्यावरचे बदक. ही साहेबांची नव्हे, गावागावांतली शिकार होती. ऐन शिकारीच्या वेळी कुत्रं हगायला बसतं, ही म्हण काही साहेबाच्या बंगल्यावर जन्मलेली नाही. ती ज्याने पहिल्यांदा म्हटली असेल, त्याच्यासमोरून ससा निसटलेला असणार.

मात्र आपल्याकडच्या शिकारी कुत्र्याचे काम मारलेले सावज आणण्याचे नव्हते, वेगळे होते. त्याने सावज उठवायचे, त्याच्यामागे धावायचे, एक तर ते जाळ्याकडे रेटायचे नाही तर स्वतःच पकडून लोळवायचे. माणूस मागून काठी घेऊन धावत यायचा. कुत्रा आणि माणूस यांच्यात करार एवढाच: तू पळ, मी पोहोचतो. पोहोचायला उशीर झाला तर वाटा कमी.

या कामासाठी घडलेले कुत्रे महाराष्ट्रात आजही आहेत. सोलापूर, लातूर, सांगली या पट्ट्यात त्यांना कारवान किंवा करवानी म्हणतात. सीमेपलीकडे बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळचे घोरपडे संस्थानिक याच घडणीच्या कुत्र्यांची जोपासना करत, म्हणून ते मुधोळ हाउंड. लांब निमुळते तोंड, खोल छाती, आत ओढलेले पोट, काटकुळे पाय. हा कुत्रा नाकापेक्षा डोळ्यांवर चालतो. माळावर दूर काही हलले की सुटला. टपाल खात्याने २००५ मध्ये मुधोळ हाउंडचे तिकीट काढले आणि २०१६ च्या सुमारास लष्कराने त्याला मेरठच्या प्रशिक्षण केंद्रात घेतले. कुत्र्याचा मान याआधीही आपल्याकडे झालेला आहे. साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याने शिकारीत वाघापासून धन्याला वाचवले अशी कथा आहे, आणि संगम माहुलीला त्याची समाधी आजही दाखवतात.

पण या कारवानला चेंडू टाकून ‘आण’ म्हणा. तो चेंडूपर्यंत विजेसारखा जाईल, हुंगेल आणि तिथेच उभा राहून तुमच्याकडे बघेल. फार तर चेंडू घेऊन दुसरीकडे जाईल. मूर्ख म्हणून नव्हे. त्याच्या पिढ्यांनी ते काम कधी केलेलेच नाही.

अमेरिकन जीवशास्त्रज्ञ रेमंड कॉपिंजर यांनी हा फरक फार नेटका मांडला आहे. लांडग्याची शिकार म्हणजे एकामागून एक येणाऱ्या क्रियांची साखळी: सावजाकडे वळणे, नजर रोखणे, दबकत जाणे, पाठलाग, पकड, जीव घेणारा चावा, फाडणे, खाणे. माणसाने कुत्र्यांच्या जाती घडवताना या साखळीतल्या काही कड्या जाड केल्या, काही गाळल्या. मेंढपाळाच्या कोली कुत्र्यात नजर रोखणे आणि दबकणे एवढे जाड झाले की तो डोळ्यांनीच कळप वळवतो. कारवानसारख्यांत पाठलाग आणि पकड, दोन्ही तिखट. लॅब्राडोर आणि गोल्डन रिट्रीव्हरमध्ये पकड भरपूर आहे, पण तिच्यापुढची जीव घेणाऱ्या चाव्याची कडी जवळजवळ निखळलेली आहे. म्हणून लॅब्राडोर दिवसभर तुमची चप्पल तोंडात घेऊन हिंडतो. त्याला ती खायची नसते, फाडायची नसते, फक्त धरायची असते.

असा कुत्रा माणसाला हवासा का वाटला? बंदुकीमुळे. जाळ्यात सापडलेला पक्षी जाळ्यातच असतो. छऱ्यांनी पडलेला पक्षी मात्र शंभर पावलांवर, पाणकणसात, काट्यांत किंवा तळ्याच्या मधोमध पडतो. पंखाला छरा लागलेला तित्तर तर जमिनीवर पडताच पायांनी पळत सुटतो आणि झुडपात शिरून दिसेनासा होतो. बंदुका जसजशा सुधारल्या, तसतसे पडणारे पक्षी वाढले आणि हरवणारेही वाढले. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंड-स्कॉटलंडच्या जमीनदारांनी त्यावर तोडगा म्हणून ‘आणणारा’ कुत्रा पैदाशीने घडवला. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यावर कोळ्यांचे दोर आणि गळावरून सुटलेले मासे पाण्यातून ओढून आणणारे काळे कुत्रे होते. ते जहाजांबरोबर इंग्लंडला आले आणि त्यांच्यातून लॅब्राडोर निघाला. तिथल्या केनेल क्लबने १९०३ मध्ये त्याला स्वतंत्र जात मानले. गोल्डन रिट्रीव्हरचा उगम तर नेमका सांगता येतो. स्कॉटलंडमधल्या गिसाकन या जहागिरीत लॉर्ड ट्वीडमाउथने १८६८ मध्ये पिवळ्या रंगाचा एक रिट्रीव्हर आणि पाण्यात उतरणारी एक स्पॅनियल कुत्री यांची जोडी लावली. नराचे नाव नूस, मादीचे बेल.

हिंदुस्थानात आलेल्या साहेबांना या कुत्र्यांची फारशी गरज भासली नाही. त्यांच्यासाठी तळ्यात उतरायला गावातली पोरे होती. जानेवारीच्या पहाटे गारठलेल्या पाण्यात पोहत जाऊन बदक आणायचे आणि त्याचे काही पैसे मिळायचे. विलायती कुत्रा इथे ऊन, गोचीड आणि बिबट्या यांतून वाचला तर वाचला. पोरे स्वस्त पडत.

आता आणण्याचे हे शिक्षण प्रत्यक्षात कसे चालते ते पाहू, कारण गंमत तपशिलात आहे.

पिल्लू दोन महिन्यांचे झाले की सुरुवात होते, पण ती शिकवणी वाटूच नये अशी. घराची भिंत आणि कंपाउंड यांच्यामधला अरुंद बोळ त्यासाठी उत्तम. शिकवणारा बोळाच्या तोंडाशी उकिडवा बसतो आणि गुंडाळलेला मोजा आत टाकतो. पिल्लू धावत जाते, उचलते आणि वळते. वळल्यावर त्याला जायला एकच वाट असते, शिकवणाऱ्याच्या अंगावरून. पिल्लू कोणतीही वस्तू सापडली की आपल्या अंथरुणाकडे पळते. म्हणून जुने शिकवणारे त्याचे अंथरुण आपल्या पाठीमागेच ठेवतात. अशा रीतीने ‘आणणे’ त्याच्याकडून आपोआप घडते आणि घडले की त्याचे कौतुक होते.

इथे नव्या माणसाची ठरलेली चूक म्हणजे पिल्लाच्या तोंडातून वस्तू हिसकावणे. हिसकावली की पिल्लू घट्ट धरते, आणि घट्ट धरण्यातून दात लावण्याची सवय लागते. म्हणून वस्तू तोंडात असतानाच त्याची पाठ थोपटायची, छाती खाजवायची, त्याला मिरवू द्यायचे. मग हळूच हनुवटीखाली हात धरून ‘दे’ म्हणायचे. रस्सीखेचीचा खेळ तर या कुत्र्याशी कधीच खेळायचा नाही. तो आला नाही तर त्याच्यामागे धावायचेही नाही. आपण धावलो की त्याच्या दृष्टीने नवा खेळ सुरू होतो आणि त्यात तोच जिंकतो. उलट आपणच पाठ फिरवून चालू लागावे, तो मागे येतो. चौथ्या-पाचव्या महिन्यात दुधाचे दात पडतात, हिरड्या दुखतात. तेव्हा हे सगळे काही दिवस बंद.

एका वेळी तीन-चार फेकी पुरेत. पिल्लाला आणखी हवे असतानाच थांबायचे. हौशी माणूस वीस वेळा टाकतो, एकविसाव्या वेळी पिल्लू बसून जांभई देते आणि मग ‘याला काही येत नाही’ म्हणून बोलणी खाते.

मोज्याची जागा पुढे डमी घेते. डमी म्हणजे कॅनव्हासची, साधारण अर्धा किलोची लांबट गुंडाळी. विकत मिळते, पण जुन्या जीनपँटचा पाय कापून त्यात कापूस आणि चिंध्या ठासून दोन्ही तोंडे शिवली तरी काम भागते. खान्देशात कापसाला काय तोटा! कुत्रा ती मधोमध धरायला शिकतो, टोकाला धरली तर ओझे एका बाजूला कलते हे त्याचे त्यालाच कळते.

सहा महिन्यांनंतर खरे कठीण प्रकरण येते ते थांबण्याचे. धावणे त्याच्या रक्तात आहे, थांबणे शिकवावे लागते. कुत्र्याला बसवायचे, डमी टाकायची आणि आपणच जाऊन उचलून आणायची. पुन्हा टाकायची, पुन्हा आपणच आणायची. कुत्रा थरथरत बघत राहतो. पाच-सहा वेळा असे झाल्यावर एकदा त्याचे नाव घेऊन सोडायचे. पडलेली प्रत्येक गोष्ट आपली नाही, नाव घेतले तरच आपली, एवढे त्याच्या डोक्यात बसले की निम्मे शिक्षण झाले. बंदुकीच्या आवाजावर धावत सुटणारा कुत्रा शिकारीत नुसता निरुपयोगी नसतो, तो दुसऱ्याच्या छऱ्यांपुढे येऊ शकतो.

शिट्टीची भाषाही याच वयात येते. एक लांब फुंकर म्हणजे असशील तिथे बस. तुटक छोट्या फुंकरी म्हणजे माघारी ये. मग हाताच्या खुणा. डावा हात आडवा म्हणजे डावीकडे, उजवा म्हणजे उजवीकडे, हात वर करून पुढे ढकलला तर आणखी लांब जा. या सगळ्याचा कस लागतो तो न दिसलेल्या सावजाच्या वेळी. पक्षी पडताना कुत्र्याने पाहिला असेल तर तो जागा लक्षात ठेवतो आणि सरळ जातो. पाहिला नसेल तर दोनशे पावलांवरून मालकाच्या हातावर विश्वास ठेवून, मालक दाखवील तिकडे, रिकाम्या दिसणाऱ्या गवतात त्याला जावे लागते. तिथे पोहोचल्यावर सूत्रे उलटतात. आता मालकाला काही कळत नाही, नाकाला कळते. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख असतात, कुत्र्याच्या नाकात वीस-तीस कोटी. चांगला शिकवणारा इथे शिट्टी खिशात ठेवतो आणि गप्प बसतो. बहुतेकांना हेच जमत नाही.

बंदुकीच्या आवाजाची ओळख दुरून करून देतात. पिल्लू खात असताना लांब कुणीतरी बार काढायचा, मान वर करून ते पुन्हा खाऊ लागले तर दुसऱ्या दिवशी थोडे जवळून. या बाबतीत घाई झाली तर कुत्रा जन्माचा भेदरतो. शेवटी डमीला पक्ष्याचे पंख बांधतात, म्हणजे तोंडाला पिसांची सवय होते.

आणि परीक्षा? इंग्लंडमधल्या स्पर्धांत कुत्र्याने आणलेला पक्षी परीक्षक हातात घेतात आणि पिसांखालून बोटांनी त्याच्या बरगड्या चाचपतात. बरगड्या चेपलेल्या निघाल्या की ‘कठीण तोंडाचा’ असा शिक्का बसतो आणि कुत्रा स्पर्धेतून बाद होतो. मग तो कितीही वेगवान असो. अमेरिकेत काही शिकवणारे कान पिरगाळून वस्तू तोंडात धरायला लावतात. कुत्रा तोंड उघडतो ते दुखण्याने, आणि वस्तू आत गेली की दुखणे थांबते. पद्धत चालते, हे खरे. पण ज्या जनावराला मुळातच धरण्याची हौस आहे, त्याला दुखवून धरायला लावण्यात शिकवणाऱ्याचा उतावीळपणाच दिसतो.

भारतात यातले शेवटचे पान, म्हणजे प्रत्यक्ष शिकार, कायद्याने मिटलेले आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा आहे आणि त्यातली ‘शिकार’ फक्त गोळी घालण्यापुरती नाही. पकडणे, फासे लावणे, आमिष दाखवणे, हाकणे आणि पाठलाग करणे, इतकेच काय असा प्रयत्न करणे, हे सगळे शिकारीतच मोडते. ‘मी काही केले नाही, कुत्राच धावला’ हा बचाव म्हणूनच टिकत नाही. सशामागे कारवान सोडणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने शिकारीच. २०२२ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. काळवीट किंवा मोरासारखा पहिल्या अनुसूचीतला प्राणी असेल तर कैद किमान तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षे.

मग आणणाऱ्या कुत्र्याचे इथे झाले काय? तो पोलिसांत भरती झाला.

१९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांनंतर ‘जंजीर’ हे नाव महाराष्ट्राने ऐकले. सोनेरी अंगाचा हा लॅब्राडोर मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकात होता, शिकलेला पुण्यात. त्याने हुडकून दिलेल्या साठ्याची यादी अशी सांगितली जाते: ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि ६,४०६ काडतुसे. १६ नोव्हेंबर २००० रोजी हाडांच्या कर्करोगाने तो गेला, तेव्हा त्याला सन्मानाने निरोप देण्यात आला. फुलांनी झाकलेल्या जंजीरसमोर सलाम ठोकणाऱ्या वर्दीतल्या अधिकाऱ्याचे छायाचित्र अजूनही फिरत असते.

जंजीरच्या कामातली मेख अशी, की ज्याच्या पूर्वजांना पिढ्यान्‌पिढ्या ‘आण’ शिकवले, त्याला इथे ‘आणू नकोस’ शिकवावे लागते. बॉम्ब तोंडात धरून मालकाच्या हातात देणारा कुत्रा कुणाला हवा असेल? म्हणून स्फोटकाचा वास आला की त्याने जागच्या जागी बसायचे, पंजा मारायचा नाही, भुंकायचेही नाही. आणण्याची हौस मात्र वाया जाऊ देत नाहीत, तिचेच बक्षीस करतात. बरोबर जागी बसला की त्याचा लाडका चेंडू उडतो आणि तो मनसोक्त धरून पळतो. कुत्र्याच्या लेखी तो आरडीएक्स शोधत नसतो, चेंडू कमावत असतो. वर सांगितलेले थांबण्याचे शिक्षण ज्याचे पक्के, तोच इथे टिकतो.

लॅब्राडोरच का निवडतात, याचे एक उत्तर पोटात आहे. केंब्रिजच्या एलिनॉर रॅफन आणि सहकाऱ्यांना २०१६ मध्ये असे आढळले, की सुमारे एक चतुर्थांश लॅब्राडोरमध्ये पीओएमसी या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो आणि असे कुत्रे अन्नाच्या मागे अधिक लागतात. अपंगांना मदत करणाऱ्या प्रशिक्षित लॅब्राडोरमध्ये हे प्रमाण कितीतरी जास्त निघाले. थोडक्यात, हावरट विद्यार्थी लवकर शिकतो. तोच हावरटपणा घरच्या लॅब्राडोरला गादीसारखा फुगवतो, ते वेगळे.

वासाचे हे शिक्षण आता रानाकडेही परतले आहे. ट्रॅफिक या संस्थेने २००८ मध्ये भारतात वन्यजीव गुन्ह्यांसाठी श्वानपथकांचा कार्यक्रम सुरू केला. ग्वाल्हेरजवळ टेकनपूरच्या सीमा सुरक्षा दलाच्या केंद्रात कुत्रा आणि त्याचा हस्तक बरोबरच शिकतात. वाघाचे कातडे, हाडे, हस्तिदंत यांचे वास कुत्र्याला ओळखायला लावतात. महाराष्ट्राच्या वन विभागाकडेही असे कुत्रे आहेत. न्यूझीलंडमध्ये तर १८९० च्या दशकातच रिचर्ड हेन्री हा रखवालदार तोंडाला मुसके बांधलेल्या कुत्र्याच्या मदतीने काकापो हे न उडणारे पोपट शोधत असे आणि शिकारी प्राण्यांपासून दूरच्या बेटावर नेऊन सोडत असे. शिकारी कुत्र्याचे नाक तेच, फक्त तोंड बांधलेले.

गौताळ्याच्या पायथ्याशी मात्र शिकवलेल्या कुत्र्यांपेक्षा न शिकवलेल्यांचा प्रश्न मोठा आहे. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर अबी तमीम वनक यांनी केलेल्या अभ्यासात दिसले, की जिथे गावठी कुत्री असतात तिथे खोकड भक्ष्य शोधायला येणेही टाळते. कुत्र्याने चावा घ्यायची गरज नाही, त्याचे असणेच पुरते. शिवाय कुत्र्यांतला डिस्टेंपर हा रोग रानटी मांसाहाऱ्यांत पसरतो. १९९४ मध्ये सेरेंगेटीतले सुमारे एक तृतीयांश सिंह त्याने मेले. इकडे बिबट्याला कुत्रा आवडतोच. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठा तपासल्या, तेव्हा त्यांच्या खाद्याच्या वजनात ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. चाळीसगाव तालुक्याला बिबट्या नवा नाही. २०१७ मध्ये नरभक्षक बिबट्याने गिरणाकाठच्या गावांची झोप उडवली होती आणि डिसेंबरात त्याला गोळी घालावी लागली. कुत्री मोकाट सोडणे म्हणजे बिबट्याला वस्तीची वाट दाखवणे.

चाळीसगावात, धुळ्यात, जळगावात आता घरोघरी लॅब्राडोर दिसतात. गच्चीवर बांधलेले, दुपारी धापा टाकणारे. या कुत्र्याला धावण्याइतकीच शोधून आणण्याची भूक असते आणि ती भागली नाही की सोफा फाडला जातो. त्याला आणणे शिकवायला ना बंदूक लागते ना पक्षी. जीनपँटची डमी, पहाटेची साडेपाचची वेळ आणि मोकळे मैदान पुरे. खान्देशच्या उन्हाळ्यात सूर्य वर आल्यावर हा खेळ नको. कुत्र्याला घाम जवळजवळ येत नाही, तो धाप टाकूनच अंग निववतो. डांबरी रस्त्यावर आपला तळहात पाच सेकंद टेकवून बघावा, आपल्याला सोसले नाही तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. डमी आधी दिसेल अशी टाकावी, मग गवतात लपवावी, मग त्याच्या नकळत लपवून हाताने दिशा दाखवावी. महिन्याभरात तो हात वाचू लागतो.

हा सराव मन्याड धरणाच्या काठी किंवा गौताळ्याच्या रानात मात्र करू नये. हिवाळी पाहुणे म्हणून आलेली बदके आणि जमिनीवर अंडी घालणाऱ्या टिटव्या यांना आपला कुत्रा खेळतोय की शिकार करतोय, हे कळत नाही. आणि पाटणादेवीच्या किंवा घाटाच्या बाजूला कुणी कुत्री घेऊन सशा-हरणांमागे लागलेले दिसले, तर त्यांच्याशी वाद घालत बसू नका. महाराष्ट्र वन विभागाचा टोल फ्री क्रमांक १९२६ आहे, त्यावर ठिकाण आणि वेळ कळवा.